आयातीमुळे गेलेले काम आणि शासनाची भरपाई : अमेरिकेतील वस्त्रकामगारांसाठीच्या व्यापार-समायोजन साहाय्य योजनेची चिकित्सा

प्रस्तावना

मुक्त व्यापाराने राष्ट्राचे एकूण उत्पन्न वाढते, हे अर्थशास्त्रातील एक जुने आणि बहुमान्य प्रतिपादन आहे. परंतु हा लाभ सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. स्वस्त टॉवेल विकत घेणाऱ्या लक्षावधी कुटुंबांची प्रत्येकी थोडीशी बचत होते आणि तोच टॉवेल विणणाऱ्या काही हजार कामगारांची उपजीविकाच नाहीशी होते, हे त्याच प्रतिपादनाचे दुसरे अंग होय. निकोलस काल्डॉर आणि जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये या अडचणीतून एक तात्त्विक वाट काढली. ज्यांना लाभ झाला त्यांनी हानी सोसणाऱ्यांची भरपाई करूनही काही शिल्लक उरत असेल, तर तो बदल समाजाच्या हिताचा मानावा, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. भरपाई प्रत्यक्षात दिलीच पाहिजे, अशी अट मात्र या कसोटीत नाही. ती देता येण्याजोगी असली म्हणजे पुरे. सिद्धांताच्या दृष्टीने ही बाब गौण असेल, पण ज्याचे काम गेले त्याच्या दृष्टीने सारा प्रश्न तेवढाच आहे.

ही भरपाई प्रत्यक्षात देण्याचा एक ठळक आणि दीर्घकाळ चाललेला प्रयत्न म्हणजे अमेरिकेची ‘ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स’ अर्थात व्यापार-समायोजन साहाय्य योजना. अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या कारकिर्दीत १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्याने ती अस्तित्वात आली. राष्ट्राच्या हितासाठी आयातशुल्क कमी करायचे असेल, तर त्याचा सगळा भार थोड्या कामगारांवर आणि थोड्या गावांवर पडू देणे न्याय्य नाही, ही तिच्यामागची भूमिका होती. प्रस्तुत लेखात या योजनेचा विचार मुख्यतः वस्त्रोद्योगातील कामगारांच्या संदर्भात केला आहे. योजनेवर सामान्यतः दोन आक्षेप घेतले जातात. मदत तुटपुंजी आहे, हा एक. पुनर्प्रशिक्षणाचा उपयोग होत नाही, हा दुसरा. दोहोंत तथ्य आहे. तथापि योजनेचा मूळ दोष या दोहोंच्या आधीचा आहे. काम गेले एवढे तिला पुरत नाही. ते कशामुळे गेले हे ती विचारते आणि त्या उत्तराच्या सिद्धतेवर मदत अवलंबून ठेवते.

कारण सिद्ध करण्याची अट

योजनेची कल्पना कामगार चळवळीतूनच आलेली होती. पोलाद कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅक्डोनाल्ड यांनी १९५४ मध्ये ती मांडली होती. कायद्यात उतरताना तिला जी रूपे मिळाली ती मात्र चळवळीला अपेक्षित नव्हती. १९६२ च्या तरतुदीनुसार दोन गोष्टी दाखवून द्याव्या लागत : आयातीतील वाढ ही प्रामुख्याने शासनाने दिलेल्या शुल्कसवलतीमुळे झाली, आणि नोकरी जाण्याचे प्रमुख कारण हीच वाढ होती. कारणांची ही दुहेरी साखळी इतकी कठोर होती, की १९६९ पर्यंत, म्हणजे पहिली सात वर्षे, कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. कामगार संघटनांनी या योजनेला ‘अंत्यविधीचा विमा’ म्हणून हिणवले. खरे तर या काळात तिने अंत्यविधीचाही खर्च दिला नव्हता.

१९७४ च्या व्यापार कायद्याने अट सैल केली. शुल्कसवलतीशी संबंध जोडण्याची आवश्यकता राहिली नाही, आणि आयात हे प्रमुख कारण नसले तरी ‘महत्त्वाचे’ कारण असले म्हणजे चालू लागले. अर्जांचे प्रमाण वाढले. १९८० च्या सुमारास मोटार उद्योगातील मंदीमुळे खर्च अवाढव्य झाला आणि १९८१ मध्ये रीगन प्रशासनाच्या काळात मदतीचा साप्ताहिक दर सामान्य बेकारी भत्त्याच्या पातळीवर आणण्यात आला. प्रश्न विचारण्याची पद्धत मात्र तीच राहिली.

ही पद्धत थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. एकाच कारखान्यातील तीन कामगार, त्यांची संघटना, मालक किंवा राज्यातील अधिकारी श्रम विभागाकडे अर्ज करू शकत. विभागाचा अन्वेषक कंपनीकडून विक्री, उत्पादन व रोजगार यांचे आकडे मागवी. नंतर तो कंपनीच्या ग्राहकांना प्रश्नावली पाठवी : आपण या कारखान्याकडून खरेदी कमी केली काय? त्या जागी आयात माल घेतला काय? वस्त्रोद्योगाच्या बाबतीत हे ग्राहक म्हणजे बहुधा मोठमोठे विक्रेते आणि कपडे शिवणाऱ्या कंपन्या. तीस वर्षे साच्यावर उभ्या राहिलेल्या बाईला भत्ता मिळावा की नाही, हे अशा रीतीने दुसऱ्या राज्यातील एखाद्या खरेदी-अधिकाऱ्याने प्रश्नावली किती काळजीने भरली यावर ठरे. कामगाराला ना कंपनीच्या हिशेबवह्या पाहता येत, ना ग्राहकांची उत्तरे. ती व्यावसायिक गोपनीयतेत मोडत. सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर, त्याच्याच हाती पुरावा नाही, असा हा प्रकार होता. आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक अमेरिकन न्यायालयाने २००० नंतरच्या दशकात श्रम विभागाचे अनेक निर्णय अपुऱ्या चौकशीच्या कारणावरून परत पाठवले, ते यामुळेच.

सूतगिरण्यांचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. आयात माल हा कारखान्यात तयार होणाऱ्या मालासारखा किंवा त्याच्याशी थेट स्पर्धा करणारा असला पाहिजे, अशी कायद्याची भाषा होती. परदेशातून सूत आले तर कताई कामगार पात्र. परंतु परदेशातून शर्ट आला, त्यामुळे देशातील शिवणकारखाना बंद पडला, त्याला कापड पुरवणारी गिरणी बंद पडली आणि तिला सूत पुरवणारी सूतगिरणी बंद पडली, तर कताई कामगाराला सांगण्यात येई की सुताची आयात वाढलेली नाही. शर्टाच्या आतले सूत कायद्याला दिसत नव्हते. २००२ च्या कायद्याने अशा पुरवठादार कारखान्यांतील कामगारांचा सर्वसाधारणपणे समावेश केला. परंतु तोवर दक्षिणेकडील राज्यांतील कित्येक सूतगिरण्या बंद होऊन गेल्या होत्या.

कॅनापोलिसचा अनुभव

या योजनेची कसोटी पाहायची झाल्यास नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॅनापोलिस या गावाइतके योग्य स्थळ दुसरे नाही. जेम्स विल्यम कॅनन या गिरणीमालकाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी शेतजमिनीवर हे गाव वसवले. कॅनन मिल्सचे टॉवेल आणि चादरी अमेरिकेतील घराघरांत होत्या. रस्ते, घरे, दुकाने कंपनीची. गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली ती १९८४ मध्ये. गिरणगाव म्हणजे काय हे मुंबई वा सोलापूर जाणणाऱ्या वाचकास वेगळे सांगावयास नको, पण परळ-लालबागच्या भोवती एक महानगर होते; कॅनापोलिसमध्ये गिरणी वजा केली असता फारसे काही उरत नव्हते.

१९८२ मध्ये डेव्हिड मरडॉक या वित्तव्यावसायिकाने कॅनन मिल्स विकत घेतली, १९८६ मध्ये ती फील्डक्रेस्टकडे गेली आणि १९९७ मध्ये फील्डक्रेस्ट-कॅनन ही संयुक्त कंपनी पिलोटेक्सने घेतली. या खरेदीसाठी पिलोटेक्सने मोठे कर्ज काढले. कंपनीने २००० च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा दिवाळखोरीचा अर्ज केला, २००२ मध्ये ती त्यातून बाहेर आली, आणि ३० जुलै २००३ रोजी तिने सर्व कारखाने बंद केले. सुमारे ६,४५० कामगारांचे काम एका दिवसात गेले. त्यांतील सुमारे ४,८०० एकट्या नॉर्थ कॅरोलायनातील होते. त्या राज्याच्या इतिहासातील तोवरची ती सर्वांत मोठी एकगठ्ठा कामगार कपात होती.

आता कारणाचा प्रश्न विचारून पाहावा. पिलोटेक्स कशामुळे बुडाली? १९७४ पासून बहुतंतू कराराने देशोदेशींच्या वस्त्र-आयातीवर कोटा घातलेला होता. १९९५ पासून तो टप्प्याटप्प्याने उठत होता आणि १ जानेवारी २००५ रोजी पूर्णपणे संपणार होता. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. चीन, भारत व पाकिस्तान येथून येणारे टॉवेल आणि चादरी स्वस्त होत्या, यात शंका नाही. परंतु त्याच वेळी कंपनीवर खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा बोजा होता, मोठे विक्रेते भाव खाली दाबत होते, आणि जलद गतीचे आधुनिक माग कमी माणसांत जास्त कापड विणत होते. आयात नसती तर कर्ज फेडता आले असते काय? कर्ज नसते तर आयातीला तोंड देता आले असते काय? या प्रश्नांना एक उत्तर नाही. श्रम विभागाने पिलोटेक्सच्या कामगारांना पात्र ठरवले, आणि ते योग्यच केले. पण त्याच काउंटीत यंत्रामुळे किंवा मालकाच्या चुकीमुळे ज्याचे काम गेले, त्याची भूक वेगळ्या प्रकारची होती असे कोणी म्हणू शकणार नाही. भरपाईच्या तत्त्वाचे समर्थक येथे असे सांगतात, की व्यापारधोरण हे शासनाने बुद्ध्या घेतलेले असते आणि म्हणून त्याचे उत्तरदायित्व शासनावर येते. यंत्राचे तसे नाही. युक्तिवाद नीटस आहे. परंतु कर्जावर कंपन्या विकत घेण्याची मुभा देणारे कायदे आणि दिवाळखोरीत कामगारांचा हक्क मागे ठेवणारे कायदेही शासनानेच केलेले असतात.

शिक्षण की मजुरी

पात्र ठरल्यानंतर कामगाराच्या हाती काय पडे? २००२ च्या कायद्याप्रमाणे २६ आठवड्यांचा बेकारी भत्ता संपल्यावर प्रशिक्षण घेणाऱ्यास त्याच दराने आणखी ७८ आठवडे, आणि मूलभूत शिक्षणाची गरज असल्यास त्याहून २६ आठवडे अधिक भत्ता मिळू शके. म्हणजे एकूण दोन ते अडीच वर्षे. ही तरतूद सामान्य बेकारापेक्षा निःसंशय उदार होती. परंतु तिच्याभोवती मुदतींचे कुंपण होते. काम सुटल्यापासून १६ आठवडे किंवा पात्रतेचा निर्णय झाल्यापासून ८ आठवडे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तिच्या आत प्रशिक्षणात नाव नोंदवले नाही आणि सूटही मिळाली नाही, तर भत्ता बंद. पिलोटेक्समधील अनेक कामगारांनी माध्यमिक शाळाही पूर्ण केलेली नव्हती. सोळाव्या-सतराव्या वर्षी गिरणीत गेल्यावर त्याची गरज पडली नव्हती. अशा माणसाने पन्नाशीत, काम गेल्याच्या धक्क्यात, चार महिन्यांच्या आत उर्वरित आयुष्याचा व्यवसाय निवडावा अशी ही अपेक्षा होती. स्थानिक रोवन-कॅबॅरस कम्युनिटी कॉलेजने या कामगारांसाठी वर्ग चालवले आणि अनेकांनी खरोखर शिक्षण पूर्ण केले, हे नमूद केले पाहिजे. कामगारांची शिकण्याची तयारी नव्हती, असा जो सूर कधी कधी लावला जातो तो अन्यायाचा आहे.

आरोग्यविम्याची कथा याहून खेदजनक. नोकरीबरोबर विमाही जातो, हे अमेरिकेतील व्यवस्थेचे वैशिष्ट्य. २००२ च्या कायद्याने विम्याच्या हप्त्याचा ६५ टक्के भार करसवलतीच्या रूपाने उचलला. उरलेले ३५ टक्के कामगाराने भरायचे, तेही बेकारी भत्त्यातून. पात्र कामगारांपैकी फारच थोड्यांनी या सवलतीचा लाभ घेतला, याचे आश्चर्य वाटू नये.

पुनर्प्रशिक्षणाच्या फलिताविषयी संशोधनात एकमत नाही. श्रम विभागासाठी मॅथमॅटिका या संस्थेने केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात असे आढळले, की योजनेत सहभागी झालेल्यांची कमाई चार वर्षांनंतरही तशाच इतर बेकार कामगारांपेक्षा कमी होती. योजनेच्या टीकाकारांनी हा निष्कर्ष उचलून धरला. उलट बेंजामिन हायमन यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार मंजुरी मिळालेल्या कामगारांनी दहा वर्षांत नामंजूर झालेल्यांपेक्षा एकूण सुमारे ५०,००० डॉलर अधिक कमावले, मात्र ही आघाडी दशकाच्या अखेरीस ओसरत गेली. दोन्ही अभ्यासांचे कालावधी व पद्धती भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करणे योग्य नाही. पण हायमन यांच्या पद्धतीत एक बाब अशी आहे, की जिच्याकडे त्यांच्या निष्कर्षाइतकेच लक्ष जावे. काही अन्वेषक सढळ होते, काही कठोर. अर्ज कोणाकडे जाईल हे बव्हंशी योगायोगावर होते, आणि याच योगायोगाच्या आधारे त्यांनी मंजूर व नामंजूर अर्जांची तुलना केली. संशोधनाच्या दृष्टीने ही सोय उत्तम. परंतु कारणाचा शोध वस्तुनिष्ठ असतो, या योजनेच्या दाव्याला तिच्याच दप्तराने दिलेले हे उत्तर आहे.

मजुरीतील तूट हा खरा घाव होता. लोरी क्लेट्झर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे आयातस्पर्धेच्या उद्योगांतून काम गेलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांना पुन्हा काम मिळाले, पण त्यांची मजुरी सरासरी १३ टक्क्यांनी घटली आणि चौथ्या हिश्श्याच्या लोकांची ३० टक्क्यांहून अधिक. या घावावर नेमका उपाय २००२ मध्ये सुचला : पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराने कमी पगाराची पूर्णवेळ नोकरी धरल्यास जुन्या-नव्या पगारातील निम्मा फरक दोन वर्षे, कमाल १०,००० डॉलरपर्यंत, शासन देईल. ही मजुरी-विम्याची कल्पना योजनेतील सर्वांत समंजस भाग होय, आणि नंतरच्या संशोधनानेही तिच्या बाजूने कौल दिला आहे. ती वयाच्या एका टप्प्यापुरती, २६ आठवड्यांच्या आत नवी नोकरी मिळवणाऱ्यापुरती का ठेवली, याचे समर्पक कारण देता येत नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी काम गेलेल्या विणकराचे भाडे कमी होत नाही.

काम गेलेले बहुसंख्य लोक शेवटी कोठे गेले? डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी १९९० ते २००७ या काळातील ७२२ स्थानिक श्रमबाजारांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. चिनी आयातीचा भार जेथे वाढला तेथे दरडोई शासकीय मदतही वाढली. परंतु त्या वाढीत समायोजन योजनेचा हिस्सा सेंटांत मोजावा लागतो, तर अपंगत्व-भत्ता आणि वैद्यकीय मदत यांचा डॉलरांत. व्यापाराची भरपाई देण्यासाठीच निर्माण केलेल्या दारातून थोडे आत गेले. इतरांनी, आपले शरीर कामास निरुपयोगी झाले आहे हे सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग धरला.

मुंबईचा दाखला

कारण विचारले नाही म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. भारत सरकारने १५ सप्टेंबर १९८६ पासून वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना लागू केली. बंद पडलेल्या खासगी गिरणीतील कामगारास पहिल्या वर्षी मजुरीच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत, अशी तिची रचना होती. गिरणी आयातीने बंद पडली, संपाने की मालकाच्या अनास्थेने, हे तिने विचारले नाही. या बाबतीत ती अमेरिकन योजनेहून सरस होती. पण तिच्याही दारावर एक प्रश्न होता : गिरणी कायद्याच्या दृष्टीने कायमची बंद झाली आहे काय? १९८२ च्या संपानंतर मुंबईतील अनेक गिरण्या धड चालत नव्हत्या आणि धड बंदही होत नव्हत्या. भोंगा थांबला होता, कागदोपत्री गिरणी जिवंत होती. अशा गिरणीतल्या कामगाराला निधी मिळू शकत नव्हता. यंत्रमागावरच्या कामगाराचा तर तिच्यात विचारच नव्हता. १ एप्रिल २०१७ पासून ही योजना राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन करण्यात आली. वॉशिंग्टन काय आणि दिल्ली काय, पात्रतेचा प्रश्न दोन्हीकडे कामगाराच्या गरजेवरून न ठरता प्रशासनाला काय नोंदवणे सोपे आहे यावरून ठरलेला दिसतो.

मतदानाचे वेळापत्रक

अमेरिकन योजनेत कारणाची अट एवढी चिवट का राहिली, याचे उत्तर तिच्या विस्ताराच्या तारखांत सापडते. १९६२, १९७४, १९९३, २००२, २०११, २०१५ : यांतील प्रत्येक वर्षी एखादे व्यापारविषयक विधेयक अमेरिकन काँग्रेसपुढे होते. १९९३ मध्ये उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार, २००२ मध्ये अध्यक्षांना करार करण्याचे विशेष अधिकार, २०११ मध्ये दक्षिण कोरिया, कोलंबिया व पनामा यांच्याशी झालेले करार, २०१५ मध्ये पुन्हा विशेष अधिकार. ज्या प्रतिनिधींच्या मतदारसंघांत गिरण्या होत्या त्यांची मते वळवण्यासाठी योजना वाढवली जाई. मदत ही व्यापाराच्या सौद्याचा भाग असल्यामुळे ती व्यापाराच्याच नावावर दिली जाणे क्रमप्राप्त होते. कारण न विचारता सर्व बेकारांना दिली असती तर सौद्यात तिचे मोल उरले नसते. २००९ चा विस्तार, ज्यात सेवाक्षेत्रातील कामगारांचा समावेश झाला, हा एक अपवाद म्हणता येईल. तो मंदीच्या काळातील अर्थसाहाय्याच्या कायद्याबरोबर आला, आणि पुढील दोन वर्षांतच त्याची मुदत संपू देण्यात आली.

गिरण्या मात्र विधेयकांच्या वेळापत्रकाप्रमाणे बंद होत नाहीत. ग्रीन्सबरो येथील कोन मिल्सचा व्हाइट ओक हा डेनिमचा शतकाहून जुना कारखाना २०१७ च्या अखेरीस बंद झाला, तेव्हा कोणताही मोठा करार मतदानास आलेला नव्हता. कॅनापोलिसच्या जागी मरडॉक यांच्याच पुढाकाराने, २००५ मध्ये घोषित झालेले, जैवतंत्रज्ञानाचे संशोधन संकुल उभे राहिले आणि गिरणीच्या इमारती पाडण्यात आल्या. कॅनन हे नाव विकले गेले व टॉवेलांवर राहिले.

अध्यक्षांचे विशेष व्यापारी अधिकार १ जुलै २०२१ रोजी संपुष्टात आले आणि त्यांच्या नूतनीकरणाची निकड कोणत्याच पक्षाला वाटली नाही. सौदा नाही, म्हणून मोबदलाही नाही. त्याच दिवसापासून योजनेच्या पात्रतेच्या अटी जुन्या, संकुचित रूपात परत गेल्या, आणि १ जुलै २०२२ रोजी नव्या कामगारांसाठी ती संपली. त्यापूर्वी पात्र ठरलेल्यांची मदत चालू राहिली. त्यानंतरही श्रम विभाग अर्ज स्वीकारत राहिला. त्यांची चौकशी करण्याचा किंवा त्यांवर निर्णय देण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे उरला नव्हता.